जीसी हळू, सी वेगवान, रस्टमध्ये गळती नाही : या सरसकट विधानांचं करायचं काय?

मोकळा_ढीग (धागाकर्ता)

जावा मेमरी खाते. गो चालता चालता थांबते. सी++ मध्ये जीसी (गार्बेज कलेक्शन, म्हणजे वापरून झालेली मेमरी आपोआप गोळा करणारी यंत्रणा) नाही म्हणून ती वेगवान. रस्टमध्ये लीक (नको असलेली मेमरी अडकून राहणं) होऊच शकत नाही. पायथनचं रेफरन्स काउंटिंग (ऑब्जेक्टकडे किती जण बोट दाखवतात याची गणती) म्हणजे काही खरी जीसी नव्हे.

भाषांवरचा कुठलाही धागा उघडा, यातली दोन-तीन वाक्यं पहिल्या पानावरच भेटतात. प्रत्येकात थोडं तथ्य आहे. पण कुठला प्रोग्रॅम, कुठली आवृत्ती आणि कशाच्या बदल्यात, एवढं नेमकं गाळलेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेमरी भाषा सांभाळत नाही. तिच्याखालचा रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) किंवा अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) सांभाळतो, आणि त्याला ते किती जमतं हे तुमचा प्रोग्रॅम किती ऑब्जेक्ट बनवतो आणि किती काळ धरून ठेवतो यावर ठरतं. शिवाय 'चांगलं' म्हणताना आपण चार निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो : एकूण काम किती उरकतं, मधले थांबे किती लांब, मेमरी किती लागते, आणि चुकीच्या पत्त्यावर हात पडू शकतो का. पहिल्या तिघींची आपसात कायम ओढाताण असते. चौथीचा त्या भांडणाशी फारसा संबंध नाही.

सगळ्यात जुनं विधान घेऊ : 'जीसी म्हणजे हळू'. साधा मॅलॉक (सी मध्ये मेमरी मागायचं फंक्शन, परत करायचं ते फ्री) मोकळ्या तुकड्यांच्या याद्या बाळगतो, मागणीच्या मापाचा तुकडा शोधतो, आणि फ्री करताना तो परत यादीत लावतो. जावाच्या हॉटस्पॉट या नेहमीच्या रनटाइममध्ये प्रत्येक थ्रेडकडे (समांतर चालणाऱ्या कामाकडे) हीपचा, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीचा, स्वतःचा तुकडा असतो. नवा ऑब्जेक्ट बनवणं म्हणजे बहुतेक वेळा एक पॉइंटर पुढे सरकवणं. बरेचसे ऑब्जेक्ट जन्मल्यावर लगेच निरुपयोगी होतात, आणि कॉपी करणारा कलेक्टर फक्त वाचलेल्यांना उचलून दुसरीकडे नेतो. मेलेल्यांना तो हातही लावत नाही. त्यामुळे छोट्या, अल्पायुषी ऑब्जेक्टचा पाऊस पाडणारा प्रोग्रॅम जीसीखाली आरामात पळू शकतो.

मग किंमत कुठे मोजली जाते? मेमरीत. हर्ट्झ आणि बर्गर यांचा २००५ चा शोधनिबंध यासाठी वाचण्यासारखा आहे. त्यांनी जावाचेच प्रोग्रॅम घेतले आणि सिम्युलेटरमध्ये 'इथे फ्री केलं असतं तर' असं गणित करून पाहिलं. पाचपट मेमरी दिली तर चांगला जनरेशनल (नवे आणि जुने ऑब्जेक्ट वेगळे सांभाळणारा) कलेक्टर हाताने मोकळं करण्याच्या बरोबरीला येतो. तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे पडतो. दुप्पटच दिली तर जवळपास ७० टक्के. आकडे त्या काळच्या कलेक्टरचे आहेत, ते आज जसेच्या तसे वापरू नका, पण आलेखाचा आकार तोच आहे. थोडक्यात, 'जीसी हळू' हे अर्धवट वाक्य. 'मेमरी कोंडली तर जीसी हळू' हे पूर्ण वाक्य.

बाकीची विधानं तुम्ही आणा, एकेक बघू.

टिवल्याबावल्या

जागा पकडून ठेवली आहे. धाग्याची शंभरी भरणार.

शून्य_पत्ता : एक मोठा पण

लेख चांगला आहे, पण वेगाच्या नादात भाकिताचा मुद्दा सुटला. सी मध्ये मी फ्री म्हटलं की त्या ओळीला मेमरी मोकळी. केव्हा आणि किती वेळ लागेल, दोन्ही माझ्या हातात. जीसीवाल्यांच्या नशिबात हे सुख नाही.

मोकळा_ढीग

'केव्हा' मान्य. 'किती वेळ' अमान्य.

लाखो नोड असलेल्या झाडाचं मूळ मोकळं करा. त्या एका ओळीमागे लाखो फ्री धावतात, आणि तुमचा थ्रेड तितका वेळ अडकतो. हाही थांबाच, फक्त त्याला कुणी जीसी म्हणत नाही. रस्टमध्ये साधी लिंक्ड लिस्ट लिहून ती खूप लांब करा आणि सोडून द्या : एका नोडचा ड्रॉप पुढच्याला हाक मारतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी स्टॅक संपतो.

लिनक्सवर आणखी गंमत. मॅलॉकने पत्ता दिला म्हणजे मेमरी मिळाली असं नाही. खरी पानं तुम्ही तिथे पहिल्यांदा लिहिता तेव्हा येतात. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ऐपतीपेक्षा जास्त वचनं देऊन बसलेला असतो, आणि ती निभावता आली नाहीत की ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) कुणाचा तरी बळी घेतो. फ्री केलेली जागाही लगेच कर्नलकडे जाईलच असं नाही.

ज्यांना वेळेची खरीखुरी हमी लागते ते मॅलॉकवर विसंबत नाहीत. मिस्रा सी २०१२ या सुरक्षित सी कोडच्या नियमावलीत स्टँडर्ड लायब्ररीचे अ‍ॅलोकेशन फंक्शन वापरू नका असा नियमच आहे. नासाच्या जेपीएलमधल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये अतिमहत्त्वाच्या कोडसाठी दहा नियम मांडले. त्यातही सुरुवातीची जुळणी झाल्यावर डायनॅमिक अ‍ॅलोकेशन बंद.

शून्य_पत्ता

झाडाचं उदाहरण मान्य. पण तो थांबा कुठे येईल हे मला कोड वाचून कळतं, आणि नको असेल तर मी अरेना (एकत्र सोडता येणारा मेमरीचा गठ्ठा) वापरून सगळं झाड एका फटक्यात सोडतो. मॅलॉकची वाईटातली वाईट वेळही बांधून घेता येते, टीएलएसएफ हा अ‍ॅलोकेटर त्यासाठीच आहे. म्हणजे 'सी मध्ये भाकीत करता येतं' हे चूक नाही, 'सी मध्ये भाकीत करण्याजोगं लिहिता येतं' असं म्हणा.

मोकळा_ढीग

असंच म्हणतो. आणि हे वाक्य मूळ विधानापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

नवशिकी : बेसिक शंका, हसू नका

पायथनमध्ये नक्की आहे काय? काही लोक म्हणतात रेफरन्स काउंटिंग, काही म्हणतात गार्बेज कलेक्शन. आणि जीसी नावाचं मॉड्यूलही आहे!

अजगरस्वारी

यात हसण्यासारखं काही नाही ताई, नेहमी गोंधळ होतो तो इथेच.

सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या रनटाइममध्ये, दोन्ही आहेत. प्रत्येक ऑब्जेक्टवर गणती असते, ती शून्य झाली की ऑब्जेक्ट तिथल्या तिथे जातो. पण दोन ऑब्जेक्ट एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर गणती कधीच शून्य होत नाही. अशी वर्तुळं शोधणारा वेगळा कलेक्टर पायथन २.० मध्ये, म्हणजे २००० साली आला. जीसी मॉड्यूल त्या कलेक्टरचं आहे. ते बंद केलं तरी गणती चालूच राहते.

पण हे सगळं सीपायथनचं. पायपाय हा दुसरा रनटाइम हीच भाषा चालवतो आणि गणती ठेवतच नाही, तो ट्रेसिंग करतो, म्हणजे पोहोचता येणारे ऑब्जेक्ट चाळून बाकीचे सोडतो. म्हणून फाइल उघडून बंद न करता सोडून देणारा कोड सीपायथनवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो आणि पायपायवर उघड्या फाइलींचा ढीग लावतो. भाषा तीच, स्वभाव वेगळा. 'विथ' (फाइल आपोआप बंद करणारी रचना) वापरायची सवय यासाठीच लावायची.

इन्स्टाग्रामचा किस्साही इथेच बसतो. २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं की वर्तुळं शोधणारा कलेक्टर बंद केल्यावर त्यांची कार्यक्षमता १० टक्के वाढली. लगेच बाहेर बातमी : 'जीसी बंद करा, पायथन पळेल'. पण कारण वेगळं होतं. त्यांचे वर्कर एका मूळ प्रोसेसमधून फोर्क केलेले (तिची प्रत काढून बनवलेले), मेमरीची पानं सामायिक. कलेक्टर फेरी मारताना ऑब्जेक्टच्या मथळ्यात खुणा लिहितो, आणि लिहिलं की कर्नल त्या पानाची वेगळी प्रत काढतो. सामायिक पानं फुटत गेली, मेमरी वाढली. तुम्ही फोर्क करत नसाल तर तो फायदा तुमचा नव्हेच.

गंजलेला_खिळा : इतकंही नको

धागाकर्त्यांचा सूर मला जरा खटकतोय. 'ते अवलंबून आहे' हेसुद्धा सरसकट विधानच आहे की राव. काही विधानं सरसकट असूनही खरी असतात, आणि ती बोथट करून कुणाचं भलं होत नाही.

सी आणि सी++ मेमरीसेफ नाहीत, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर हात पडणं त्या रोखत नाहीत. यात आवृत्ती, अ‍ॅलोकेटर, प्रोग्रॅम कशावरच काही अवलंबून नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या दरवर्षीच्या सीव्हीईंपैकी (जाहीर नोंद झालेल्या सुरक्षा त्रुटींपैकी) साधारण ७० टक्के मेमरीच्या चुकांच्या असतात. २०२० मध्ये क्रोमियमवाल्यांनी (क्रोम ब्राउझरच्या मुळाशी असलेला प्रकल्प) आपल्या गंभीर सुरक्षा बगांचा हिशेब मांडला, तोही ७० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातले निम्मे मोकळ्या केलेल्या मेमरीला पुन्हा हात लावल्याचे. हे काही शिकाऊ लोक नाहीत. चुका शोधायला फझिंग, सॅनिटायझर, कोड रिव्ह्यू सगळं करणारे लोक आहेत. 'नीट लिहिलं तर सी सुरक्षित' म्हणणाऱ्याने या आकड्यांकडे पाहून पुन्हा बोलावं.

उलट बाजूने अँड्रॉइड बघा. २०१९ मध्ये मेमरीच्या चुकांचा वाटा ७६ टक्के, २०२४ मध्ये २४ टक्के. जुना कोड फाडून पुन्हा लिहिला नाही, नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला लागले, एवढंच.

मोकळा_ढीग

सुरक्षेबद्दल शंभर टक्के सहमत. मी वर चौथी गोष्ट वेगळी ठेवली ती त्यासाठीच : ती बहुतांशी भाषेचीच असते. पहिल्या तीन भाषेच्या नसतात, आणि लोक चौथीतला विजय पहिल्या तिघींत वटवतात.

एक पुरवणी. अँड्रॉइडच्या त्या नव्या कोडमध्ये फक्त रस्ट नाही, कोटलिन आणि जावाही आहे. जीसीवाल्या.

काकदृष्टी

+१. अमेरिकेच्या एनएसए या सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मेमरीसेफ भाषा वापरण्याचा सल्ला दिला त्याचंही असंच झालं. 'सरकार म्हणतं रस्ट वापरा' अशी आवई उठली. मूळ कागदात उदाहरणं सी शार्प, गो, जावा, रूबी, रस्ट आणि स्विफ्ट अशी आहेत. सहांतल्या बहुतेक जीसीवाल्या, स्विफ्ट गणतीवाली.

आता त्या यादीलाच एक टाचणी. गो तिथे आहे, पण गोमध्ये डेटा रेस झाली तर हमी सुटते. इंटरफेस प्रकारचं मूल्य मेमरीत दोन मशीन-शब्दांचं असतं, एक प्रकाराचा आणि एक डेटाचा. दोन थ्रेड एकाच वेळी त्याच्यावर तुटून पडले (हीच डेटा रेस) तर एकाचा प्रकार आणि दुसऱ्याचा डेटा अशी चुकीची जोडी लागू शकते. गोच्या मेमरी मॉडेलच्या कागदातच लिहिलंय की अशा रेसमधून मेमरी बिघडू शकते. जावात रेस झाली तर उत्तर चुकेल, पण मेमरीची तटबंदी शाबूत राहते. म्हणजे 'मेमरीसेफ' या एका शिक्क्यातही पायऱ्या आहेत.

गंजलेला_खिळा

हे तर रस्टच्याच बाजूने झालं. :)

मोकळा_ढीग : मग रस्टचंच घेऊ

'रस्टमध्ये लीक होत नाही.' होतो, आणि रस्ट स्वतः तसं म्हणते. आरसीचं (रस्टच्या गणती ठेवणाऱ्या पॉइंटरचं) वर्तुळ करा, गणती शून्य होणार नाही, गळती पक्की. ही अडचण सगळ्यांना माहीत असलेली आणि प्राचीन आहे. मॅकार्थी यांचा लिस्पचा निबंध आणि कॉलिन्स यांचा रेफरन्स काउंटिंगचा निबंध, दोन्ही १९६० चे. गणतीला वर्तुळं दिसत नाहीत हे १९६३ मध्ये मॅकबेथ यांनी लिहून ठेवलं. साठ वर्षं उलटली तरी आपण तेच नव्याने शोधतोय.

पण रस्टची खरी गोष्ट याहून रोचक आहे. १.० यायच्या तोंडावर, २०१५ च्या वसंतात, लक्षात आलं की स्टँडर्ड लायब्ररीतले स्कोप्ड थ्रेड (मूळ फंक्शनचा डेटा वापरणारे, ते संपायच्या आत संपायला हवेत असे थ्रेड) एका गृहीतकावर उभे आहेत : गार्ड ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारा कोड) चालणारच. पण तो आरसीच्या वर्तुळात अडकवला तर चालत नाही. मग थ्रेड आपला मूळ स्टॅक संपल्यावरही त्यातलं वाचत राहील, तेही एकही अनसेफ (कंपायलरची तपासणी सैल करणारी) ओळ न लिहिता. दोन पर्याय होते : गळती भाषेतून हद्दपार करायची, किंवा गळती 'सेफ' मानून तिच्यावर विसंबलेली रचना काढून टाकायची. त्यांनी दुसरा निवडला. ती रचना गेली, फॉर्गेट (डिस्ट्रक्टर न चालवता ऑब्जेक्ट सोडून देणारं फंक्शन) सेफ झालं, आणि स्कोप्ड थ्रेड वेगळ्या घडणीत परत आले ते थेट २०२२ मध्ये, १.६३ ला. लीक न होण्याची हमी त्यांनी विचारपूर्वक सोडली आहे. जाहिरात करणारे ती परत जोडतात.

जीसीवाल्या भाषांचंही तेच. कलेक्टरला 'पोहोचता येतं का' एवढंच कळतं, 'लागणार आहे का' हे कळत नाही. स्टॅटिक मॅपमध्ये टाकून विसरलेली नोंद, कधीच न काढलेला लिसनर, मर्यादा न घातलेली कॅश. कुठलाही कलेक्टर त्यांना हात लावणार नाही.

गंजलेला_खिळा

स्कोप्ड थ्रेडचं बरोबर. पण 'रोजच्या कोडमध्ये गळती अवघड' एवढं तरी द्या. ओनरशिपमुळे (प्रत्येक गोष्टीला एकच मालक या रस्टच्या नियमामुळे) बहुतेक गोष्टी स्कोप संपला की जातातच, वर्तुळ करायला मुद्दाम आरसी आणि रेफसेल घेऊन बसावं लागतं.

आणि डिस्कॉर्ड या चॅट सेवेचं काय? गो सोडून रस्ट घेतलं आणि थांबे गेले. २०२० चा त्यांचाच लेख आहे.

मोकळा_ढीग

पहिलं दिलं.

डिस्कॉर्डचा लेख चांगला आहे, पण त्यातून काढला जाणारा 'गो हळू' हा निष्कर्ष त्यात नाही. त्यांच्या सेवेत वाचलेल्या-न-वाचलेल्या संदेशांच्या नोंदींची प्रचंड कॅश होती. कचरा जवळपास नव्हताच, त्यामुळे जीसीला आपणहून सुरू व्हायचं कारण नव्हतं. पण गोचा रनटाइम काही झालं नाही तरी दर दोन मिनिटांनी एक फेरी मारतोच. प्रत्येक फेरीत त्याला ती अख्खी जिवंत कॅश चाळावी लागे. म्हणून आलेखावर दर दोन मिनिटांनी एक सुळका.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवण्यासारखी आहे. ट्रेसिंगचा खर्च मुख्यतः जिवंत डेटावर असतो, कचऱ्यावर नाही. गणतीचा खर्च नेमका उलट : पॉइंटर हलले आणि ऑब्जेक्ट मेले की खर्च, नुसतं पडून असलेल्या डेटाला शून्य. बेकन, चेंग आणि राजन यांनी २००४ मध्ये मांडलं की या दोन पद्धती एकमेकींची आरशातली प्रतिमा आहेत, आणि कामाच्या म्हणाव्या अशा सगळ्या कलेक्टरमध्ये दोन्हींची भेसळ असते. त्यामुळे नवशिकी यांच्या शंकेला जोडून : 'गणती म्हणजे खरी जीसी नव्हे' हा वाद कोरडा आहे. डिस्कॉर्डची कॅश मोठी, जिवंत आणि शांत होती, म्हणजे ट्रेसिंगला सगळ्यात जड जाणारा प्रसंग. विनंतीमागे हजार छोटे ऑब्जेक्ट बनवून फेकणारी सेवा असती तर हेच चित्र पालटलं असतं.

फुकट_फौजदार

प्र.का.टा.आ.

टिवल्याबावल्या

काय होतं हो फौजदार? कुणी वाचलं का?

काकदृष्टी

'सगळं असेंब्लीत लिहा' असं होतं. बरं झालं काढलं.

जुनी_जार : जावाचं राहिलं

मी बरीच वर्षं यातच आहे, म्हणून लिहिते. 'जावा थांबते' म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, कुठला कलेक्टर? बहुतेकांना माहीत नसतं. जी१ हा कलेक्टर डीफॉल्ट झाला जेडीके ९ (जावाची आवृत्ती) पासून, २०१७ मध्ये. पण हॉटस्पॉटला मशीन लहान वाटलं, म्हणजे एकच सीपीयू किंवा दोन जीबीपेक्षा कमी मेमरी दिसली, की तो गुपचूप सिरियल (एकाच थ्रेडवर चालणारा) कलेक्टर निवडतो. कंटेनरला एक सीपीयू देऊन वर 'जावाचे थांबे' म्हणून ओरडणारे लोक पुष्कळदा सिरियलवर असतात, आणि त्यांच्या गावीही नसतं.

दुसऱ्या टोकाला झेडजीसी. २०१८ मध्ये जेडीके ११ ला प्रायोगिक, २०२० मध्ये १५ ला पक्का, २०२३ मध्ये २१ ला जनरेशनल. हीप कितीही मोठी असो, थांबे मिलिसेकंदाच्या आत. फुकट नाही हं : पॉइंटर वाचताना दर वेळी एक छोटी तपासणी, आणि मागे कलेक्टरचे थ्रेड सीपीयू खातात. एकूण काम थोडं घटतं. रात्रीचा बॅच जॉब असेल तर मी आजही पॅरलल कलेक्टर लावते. मध्ये दोन सेकंद थांबला तर बिघडलं कुणाचं? आणि जेडीके ११ पासून एप्सिलॉनही आहे, तो कचरा गोळाच करत नाही, हीप संपली की प्रोग्रॅम संपला.

आता सांगा, तीच जार फाइल. एक फ्लॅग बदलला की थांबे, वेग, मेमरी सगळं बदलतं. मग 'जावाची मेमरी व्यवस्था' म्हणजे यातली नक्की कुठली?

शून्य_पत्ता

एप्सिलॉन ऐकून डी भाषेचा कंपायलर आठवला. वॉल्टर ब्राइट यांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की डीएमडी मेमरी घेत सुटतो आणि कधी सोडतच नाही. कंपायलर काही क्षण जगतो, प्रोसेस संपली की कर्नल सगळं परत घेतो. काही लोकांना हे वाचून घाम फुटला होता.

काकदृष्टी

उलटंही आहे. जीसीसी कंपायलरच्या पोटात स्वतःचा गार्बेज कलेक्टर आहे. गेम बनवायचं अनरियल इंजिन सी++ मध्ये आहे आणि त्याच्या यूऑब्जेक्टना जीसी आहे. सी++११ मध्ये तर जीसीसाठीची थोडी सोय खुद्द स्टँडर्डमध्ये होती, कुणी वापरली नाही म्हणून सी++२३ मध्ये काढली. तेव्हा 'सी++ मध्ये जीसी नाही' म्हणताना जरा जपून.

रात्रपाळी : आमच्याकडचं विधान

मग माझं सोडवा. जावा सेवा आहे, जेडीके १७. हीपचा आलेख सपाट, जीसी लॉगमध्ये काही वावगं नाही. पण प्रोसेसची आरएसएस (प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) हळूहळू चढते आणि काही दिवसांनी कंटेनर मारला जातो. टीमचा निकाल लागलेला आहे : 'जावा मेमरी खाते, गोमध्ये लिहू.'

जुनी_जार

थांबा, लगेच पुनर्लेखन नको. हीप हा जेव्हीएमचा (जावाच्या रनटाइमचा) एक भाग झाला. मेटास्पेस (क्लासची माहिती), थ्रेडचे स्टॅक, जिटचा (चालता चालता बनवलेला) कोड, डायरेक्ट बफर हे सगळं बाहेर. नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू करा आणि त्याचा कमिटेड आकडा आरएसएसशेजारी ठेवा. जवळ असतील तर दोषी ट्रॅकिंगच्या यादीतच सापडेल. आरएसएस बरीच वर असेल तर मेमरी जेव्हीएमच्या हिशेबाबाहेर, म्हणजे जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या) मॅलॉकमध्ये किंवा एखाद्या नेटिव्ह लायब्ररीत आहे.

रात्रपाळी

बरीच वर आहे. आणि यजमान मशीनला ६४ कोर आहेत.

शून्य_पत्ता

मग आमच्या अंगणात आलात. जीलिबसी थ्रेडची धक्काबुक्की टाळायला वेगवेगळे अरेना (इथे अर्थ मॅलॉकचे स्वतंत्र साठे) बनवतो, ६४ बिटवर कोरच्या आठपटीपर्यंत. कंटेनरचा सीपीयू कोटा तो मोजत नाही, म्हणजे तुमच्याकडे ५१२ पर्यंत मुभा. प्रत्येकात थोडी थोडी अडकून राहते. मॅलॉक अरेना मॅक्स हा एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल २ करून बघा, नाहीतर जेमॅलॉक हा पर्यायी मॅलॉक लावा.

जुनी_जार

ते कराच, पण आधी एक बघा. कोडमध्ये कुठे इन्फ्लेटर किंवा डिफ्लेटर (डेटा उलगडणारे आणि दाबणारे ऑब्जेक्ट) हाताने बनवलाय का, किंवा जीझिप स्ट्रीम उघडून बंद न करता सोडलीय का? त्यांचा झेडलिबचा बफर हीपबाहेर असतो. जावाच्या बाजूचा ऑब्जेक्ट इतका चिमुकला की जीसीला घाई वाटत नाही, आणि मागे नेटिव्ह मेमरी साचत राहते. जेमॅलॉकचं प्रोफाइलिंग चालू केलंत तर ही मेमरी कुठून मागितली गेली ते दिसेल.

रात्रपाळी

जीझिप आहे. प्रत्येक विनंतीला. क्लोज फक्त यशस्वी वाटेवर आहे, एक्सेप्शन आलं की नाही. ट्राय-विथ-रिसोर्सेस (काहीही झालं तरी क्लोज करणारी रचना) टाकतो आणि अरेनाला तूर्त हात लावत नाही, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. आठवडाभर आलेख बघून इथेच लिहितो.